आईंच्या कागदावरच्या रिकाम्या ओळी

माझ्या प्रबंधात माझ्या सासूबाईंचं नाव कुठेच नाही. तिथे त्या 'श्रोता क्रमांक एक' आहेत. वय साठच्या पुढे, व्यवसाय शेती आणि भाजीविक्री, श्रवणक्षमता कमी. यातली शेवटची गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे प्रबंध देण्याच्या आधीपासून मला माहीत होतं, आणि तरी मी सही करून तो दिला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी कितीही गोड बोलले तरी वाचणाऱ्याला माझी फार दया यायला नको.

मी मूळची चिखलीची. शिकायला पुण्याला गेले आणि तिथे सहा वर्षं राहिले. विषय होता, बोललेलं माणसाला कसं ऐकू येतं. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी माझ्याकडे आणि मग माझ्या वडिलांकडे बघायचे, की यात शिकण्यासारखं काय आहे. पण आहे. गोंगाटात निम्मे शब्द आपल्यापर्यंत धड पोचतच नाहीत. उरलेलं आपण अंदाजाने भरून काढतो, आणि भरून काढलं हे आपल्याला कळतही नाही. बाजारात गिऱ्हाईक 'वांगी कशी दि' एवढंच म्हणतं आणि विकणारी भाव सांगून मोकळी होते. वय वाढलं की यातलं कानाचं काम किती कमी होतं आणि अंदाजाचं किती वाढतं, एवढा छोटासा प्रश्न घेऊन मी बसले होते. गाव आणि शहर अशा दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांवर चाचणी करायची होती. शहरातली माणसं झाली. गावातली राहिली होती, तेवढ्यात लग्न ठरलं.

सासर जळगाव जामोदचं. मळा गावाला लागूनच, विहीर पाण्याची, वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर बारा महिने. सासरे माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेलेले. मळा सासूबाईंनीच, म्हणजे आईंनीच सांभाळला, मुलाला शिकवलं, नांदुऱ्याच्या एका शाळेत तो कारकून म्हणून लागला. तो रोज मोटारसायकलने जायचा आणि यायचा. माणूस चांगला. बैठकीतच त्याने सांगितलं होतं, की शिक्षण पुरं करायला माझी हरकत नाही, पण पुण्याला राहून नाही, इथे राहून करा, आणि एका वर्षात उरका. मी हो म्हटलं. तेव्हा वर्ष मला पुष्कळ वाटलं होतं.

घरात शांत जागा एकच होती, कोठीची खोली. गहू-ज्वारीची पोती तिन्ही भिंतींना लागून रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नाही. खिडकी नाही. दाराला मी आतून गोधडी लटकवली. पंखा लावला की त्याची घरघर चाचणीत येते, म्हणून पंखा बंद. आत एक पाट, एक खुर्ची, माझा लॅपटॉप आणि हेडफोन. समोर बसलेल्या माणसाच्या कानात एक वाक्य वाजायचं, मागे बाजाराचा कलकलाट, कधी थोडा, कधी एवढा की वाक्य त्यात बुडून जावं. वाक्य संपलं की ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. म्हटलं तर बरोबर, नाही म्हटलं तर शून्य. कागदावर वाक्यं लिहिलेली नसत, फक्त एक ते साठ आकडे आणि पुढे रकाने. वैशाखात त्या खोलीत दार लावून बसलं की अर्ध्या तासात पाठ ओली व्हायची. लग्नानंतरचं ते पहिलं वर्ष आठवलं की मला आधी हळद-कुंकू आठवत नाही, पोत्यांचा वास आठवतो.

वाक्यं आम्ही पुण्यात बनवली होती, विभागातल्या आम्ही चौघींनी, चहा पीत, दोन दिवसांत. बोलीतला फरक चूक धरायचा नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. मूळ वाक्यात 'मला' असेल आणि समोरची बाई 'मले' म्हणाली तरी तिला पूर्ण गुण. एवढा विचार केला म्हणून आम्ही आपली पाठही थोपटून घेतली होती. दुसरी अडचण होती अंदाजाची. 'आजीने देवापुढे दिवा' एवढं ऐकलं की 'लावला' हे कुणीही ऐकल्याशिवाय सांगेल. म्हणून निम्म्या वाक्यांचा शेवट आम्ही मुद्दाम उलटा केला. आजीने लावलेला दिवा विझला. विहिरीचं पाणी आटलं. सकाळी नवी बांगडी फुटली. घरातलं मीठ संपलं. ती वाक्यं वाचायला एका निवेदिकेला बोलावलं होतं, तिचा घसा बसला, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, तूच वाच, तुझा आवाज सरळ आहे. मी बंद काचेच्या खोलीत बसून साठ वाक्यं वाचली. वाचताना मला कशाचंही काही वाटलं नाही.

जळगावात पहिली चाचणी मी आईंवरच घेतली. घरचं माणूस, चुकलंमाकलं तर हसतील आणि सोडून देतील. त्या मळ्यातून आल्या, हातपाय धुतले, पदर सारखा केला आणि खुर्चीवर अशा बसल्या की फोटोच काढायचा आहे. हेडफोन त्यांच्या अंबाड्यात अडकला. मी तो सोडवून नीट लावला. पहिली काही वाक्यं त्यांनी धडाधड म्हटली. कलकलाट वाढवला तरी म्हटली. मला स्वतःला जे वाक्य नीट उमगत नव्हतं तेही त्यांनी म्हटलं. चाळीस वर्षं वरवट बकालच्या बाजारात बसलेला तो कान होता. मग एकाएकी त्या गप्प झाल्या. वाक्य वाजलं, संपलं, त्या समोरच्या पोत्याकडे बघत राहिल्या.

"आई, काय ऐकू आलं?"

"नाही."

पुढचं वाक्य म्हटलं. त्याच्या पुढचं नाही. असं शेवटपर्यंत चाललं. थोड्या कलकलाटातली सोपी वाक्यं राहत होती आणि मोठ्या कलकलाटातली अवघड येत होती. हे उलटं आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, असं मी आज सांगितलं तर ते शहाणपण नंतरचं आहे. त्या दिवशी मी शून्य लिहीत गेले. थकल्या असतील, दिवसभर उन्हात होत्या, असं वाटलं. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नाही, आणि मीही ते मागितलं नाही.

आकडे संगणकात भरायचं काम माझा नवरा करून द्यायचा. शाळेतल्या सवयीने त्याची बोटं भराभर चालायची. संध्याकाळी चहा घेत मी वाचून दाखवायची आणि तो भरायचा. आईंचा कागद आला तेव्हा तो थांबला.

"हे निम्मंच कसं?"

मी म्हटलं, वयाप्रमाणे होतं, पुण्यातही काही जणांचं झालं होतं. त्याने आत हाक मारली. "आई, तुले त्या खोलीत आयकू नव्हतं येत का?"

आईंनी उंबऱ्याशी येऊन आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नसन येत. वय झालं आता."

त्यांनी माझ्याकडे का बघितलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. त्याला मात्र जे सुचायचं ते सुचलं. आईने बाजारात बसू नये असं त्याला दोन वर्षांपासून वाटत होतं. वरवटच्या फाट्यावर एक ऑटो तिच्या टोपल्याला घासून गेला होता, ते त्याने मनात धरलं होतं. दुसरं एक कारण होतं, ते तो बोलत नसे. शाळेतले लोक त्या बाजारात यायचे. मुलगा ऑफिसात, सून पुण्याची शिकलेली, आणि आई गोणपाटावर बसून कोथिंबिरीच्या जुड्या पुढे करते आहे, हे त्याला खुपत होतं. आईला पटेल असं कारण नव्हतं म्हणून तो गप्प होता. मी त्याला कारण दिलं, तेही आकड्यांत. महिनाभरात त्याने आईंना नांदुऱ्याच्या एका कान-तपासणी शिबिरात नेलं. बारीक आवाज आला की बोट वर करायचं होतं. परत आले तेव्हा आईंच्या हातात कानाच्या मशीनची डबी होती.

त्यानंतर बाजार बंद. मळ्यातला माल एक व्यापारी दारातूनच उचलायला लागला. आईंना बाजार म्हणजे विक्री नव्हती. तिथे त्यांची बहीण भेटायची, माहेरच्या बाया भेटायच्या, कोणाकडे काय झालं ते कळायचं. बाजाराच्या दिवशी त्या नेहमीसारख्या लवकर उठायच्या, मेथीच्या जुड्या बांधायच्या, आणि मग त्या जुड्यांपाशी बसून राहायच्या. मशीन त्या कानात घालत नसत, शिट्टी मारते म्हणायच्या. नवरा त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागला. मग शेजारचेही बोलायला लागले. घरभर ओरडा. मी कोठीच्या खोलीत जाऊन दार लावायची, तिथेही बाहेरचा ओरडा यायचा आणि माझी चाचणी बिघडायची. माझी त्यामुळे चिडचिड व्हायची. आईंवरही.

आमच्या गल्लीतल्या, आणि पुढे मळ्यांतल्या, पुष्कळ बाया-माणसांनी मला वेळ दिला. सगळ्यांचे कागद तसेच यायचे, अवघड वाक्यं बरोबर, सोपी रिकामी. पुण्याला मॅडमना पाठवले. त्यांना ते फार आवडलं. फोनवर म्हणाल्या, हा कानाचा प्रश्न नाही, अवधानाचा दिसतो, ग्रामीण वयस्क श्रोत्यांचं लक्ष मधूनमधून सुटतं, यावर एक वेगळं प्रकरण होईल. मी त्या प्रकरणाला लागले. माझ्या समोर बसणाऱ्या बायांचं लक्ष कधी सुटलेलं मी बघितलं नव्हतं. त्या माझ्या बांगड्या मोजायच्या, भिंतीवरची ओल बघायच्या, बाहेर कुणाची चप्पल वाजली ते ओळखायच्या. तरी मी लिहिलं. पानं भरत होती, वर्ष संपत आलं होतं.

शेवटून दुसरी चाचणी पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंची होती. काकू फटकळ. दहा-बारा वाक्यं झाली आणि त्यांनी हेडफोन काढून सरळ मांडीवर ठेवला.

"हे काऊन बोलाले लावतं वं बाई? दिवेलागणीच्या वक्ताले, घरात बसून, दिवा असा झाला अन् विहीर तशी झाली. वास्तू तथास्तु म्हणते. तू शिकेल हायेस, पण तुले घरी कोणी सांगतलं नाही का?"

मी म्हटलं, "काकू, म्हणजे तुम्हाला ऐकू आलं?"

"आयकू काऊन नाही येणार? पण आयकलं म्हणून बोलाव का? बाकीच्या बाया गप राह्यल्या असतीन, का पोरीचं काम हाय, तिले कशाले बोला. माह्यानं गप राहवत नाही."

मला घरी कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. चिखलीला माझी आई मीठ संपलं असं कधी म्हणत नसे, मीठ वाढलं म्हणायची. बांगडी वाढली, दिवा शांत केला. बाहेर पडताना 'जाते' म्हटलं तर ती मला उंबऱ्यातून मागे बोलवून 'येते' म्हणायला लावायची. मी दूध पीत होते तेव्हापासून हे माझ्या तोंडात आहे. सहा वर्षांत ते गेलं नव्हतंच, फक्त चाचणीशी त्याचा काही संबंध असेल असं मला वाटलं नव्हतं. काकू गेल्यावर मी ट्रंकेतून वाक्यांची यादी काढली आणि आईंचा कागद शेजारी ठेवला. रिकामी असलेली प्रत्येक ओळ उलट्या शेवटाची होती. चांगल्या शेवटाचं एकही वाक्य त्यांनी सोडलेलं नव्हतं, कितीही कलकलाट असू दे. त्या खोलीत माझ्यासमोर बसून माणसांनी सगळं ऐकलं होतं, घरादारावर काही येऊ नये म्हणून तोंड मिटून घेतलं होतं, आणि मी त्याला कधी बहिरेपण, कधी लक्ष सुटणं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, निरीक्षण चांगलं आहे, पुढे कधीतरी यावर एक लेख लिही. पण चाचणीच्या नियमाप्रमाणे प्रतिसाद नाही म्हणजे प्रतिसाद नाही. श्रोत्याच्या मनात काय होतं ते आपण मोजत नाही. नवी वाक्यं बनवून सगळं परत घ्यायचं असेल तर घे, पण तुझी मुदतवाढ संपते आहे, पुन्हा मिळणार नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कोठीच्या खोलीतच बसून राहिले. दार उघडं होतं. बाहेर यावंसं वाटेना आणि आत बसवेना.

निदान आईंचं तरी नीट करावं म्हणून संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. चार-पाच वाक्यं म्हणूनही दाखवली. तो हसला.

"एवढंच? विहीर अन् मीठ? मंग सोपं हाय. अंगणात बसवू तिले, घरात नको. तिथं बोलून दाखवीन ती."

त्याने आईंना हाक मारली, आणि विशेष म्हणजे ओरडून नाही, त्यांच्याकडे पाठ करून, नेहमीच्या आवाजात, मोटारसायकलवरची धूळ पुसता पुसता. "आई, तुले ते सगळं आयकू आलतं का? खरं सांग. आलतं तं उद्यापासून जाय बाजारात."

आई तुळशीपाशी होत्या. मधे सगळं अंगण. मी त्यांच्याकडे बघत होते. एक शब्द, हो एवढाच, आणि सगळं मिटत होतं. मी मनात देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "मले काही आयकू आलं नाही."

त्याने फडकं झटकलं. एवढ्या लांबून, पाठमोऱ्या माणसाचं बोलणं ऐकून आईने उत्तर दिलं होतं, हे त्याला कळलं असणार. तो तेवढा भोळा नाही. पण त्याला ते कळून घ्यायचं नव्हतं. "बघ," तो मला म्हणाला, आणि आत गेला.

त्यानंतर दोन दिवस मी आईंशी धड बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता. मी स्वतःची चूक कबूल करून त्यांच्यासाठी दार उघडलं, आणि त्यांनी ते आपल्या हाताने लावून घेतलं, असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी नवरा नांदुऱ्याला गेल्यावर त्या स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या. मांडीवर मेथी होती. जुडी बांधत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"ते सगळं तुह्या आवाजात होतं."

"हो आई, मीच वाचलं होतं. कामासाठी."

"एक त्याच्याबद्दल होतं."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. तिथे खुंटीवर माझ्या नवऱ्याचा जुना सदरा लटकत होता. मला चटकन आठवेना. मग आठवलं. एकेचाळिसावं की बेचाळिसावं. मुलगा घरी परत आला नाही. काचेच्या खोलीत, लग्नाच्या वर्षभर आधी, या माणसाचा फोटोसुद्धा बघितलेला नसताना, पाणी पिऊन घसा साफ करून मी ते वाचलं होतं. शेवटच्या शब्दावर आवाज पडला म्हणून दोनदा वाचलं होतं.

"पह्यले मले वाटलं, तुमचं दोघाचं काही बिनसलं. मंग वाटलं, कामाचं असन, तू काही वाईट मनाची नाहीस. पण मी ते तोंडातून काढत नव्हती. रोज एवढा रस्ता येते-जाते तो. अन् त्यानं इचारलं तवा मी म्हटलं असतं का आयकू आलं, तं तो म्हणीन, मंग बोलली काऊन नाहीस? काय होतं असं? मंग मी काय सांगू त्याले? तुही बायको मशीनीत तुह्याबद्दल असं बोलते म्हणून?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुले घरात येऊन सहा महिने नव्हते झाले. पोरगं हाय ते, मनात धरून बसलं असतं."

मी विचारलं, "आणि शिबिरात?"

"तिथं बी बोट वर केलं नाही. एकदा म्हटलं ते म्हटलं."

मी रडले. त्यांच्या मांडीवरच्या मेथीवर पाणी पडलं, ते त्यांनी झटकलं. मी म्हटलं, आई, मी त्याला आज सांगते, सगळं, ते वाक्यसुद्धा, तो समजून घेईल. त्यांनी माझा हात धरला, आणि भाजीवालीचा हात फार घट्ट असतो. "त्याले सांगशील तं माही शपथ हाय तुले. ते वाक्य या घरात परत होऊ द्याचं नाही."

मी शपथ पाळली. असं म्हटलं की चांगलं दिसतं. खरं असं आहे, की ती शपथ मला सोयीची होती. त्याला सांगायचं म्हणजे तो विचारणार, मग सगळ्यांचेच कागद खोटे का? मग प्रबंध? मग वर्ष कशाला वाया घालवलं? शपथेच्या आड मला लपायला जागा मिळाली आणि मी लपले. एकट्या आईच अडकल्या असत्या तर कदाचित मी धीर केला असता. पण त्यांना सोडवायचं तर मला माझं सगळं मोडावं लागत होतं, आणि तेवढी मी चांगली नव्हते. अवधानाचं प्रकरण मी तसंच ठेवलं. तळटीप लिहून बघितली, तीनदा लिहिली, तीनदा खोडली. प्रबंध दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं त्याच प्रकरणाचं कौतुक केलं, आणि मी हात जोडून आभार मानले.

पदवी मिळाली. ती मिळाली की पुण्याला नाहीतर कुठेतरी जाता येईल असं मी मनात धरलं होतं. गेले नाही. इथल्याच एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवते. पोरांना सांगते की ऐकणं म्हणजे नुसता कान नव्हे. ती लिहून घेतात. कोठीच्या खोलीतली गोधडी काढून टाकली, तिथे आता परत नुसती पोती आहेत, आणि आत जाऊन गहू काढायचं काम मी घरकामाच्या बाईला सांगते.

आई घरीच असतात. बहिणीकडचं लग्न ठरलं ते त्यांना पत्रिका आल्यावर कळलं. सुरुवातीला आमच्या दोघींचं एक गुपित असल्यासारखं होतं. तो घरात नसला की मी त्यांच्याशी हळू बोलायची, त्या हळू उत्तर द्यायच्या, कधी हसायच्यासुद्धा. तो आला की त्या कानामागे हात धरायच्या. मग कधीतरी ते हळू बोलणं कमी झालं. केव्हापासून ते मला सांगता येत नाही. परवा बाजाराचा दिवस होता. घरात आम्ही दोघीच होतो. त्या ओसरीवर पाठमोऱ्या बसल्या होत्या, हात रिकामे. मी स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "आई, चला, वरवटला जाऊन येऊ. मी नेते तुम्हाला, त्याला काय सांगायचं ते मी बघते." एवढी वर्षं मी जे बोलले नव्हते ते बोलले, आणि वाट बघितली.

त्या वळल्या नाहीत. मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना खरंच ऐकू आलं नाही, की ऐकून आता त्यांना उत्तर द्यायचं नाही, हे मला कळलं नाही. हेच ओळखायला मी शिकले आहे, त्याचीच मला पदवी आहे, लॅपटॉप आणि हेडफोन आजही कपाटात आहेत. मी ओसरीवर गेले, त्यांच्या शेजारी बसले आणि ओरडून विचारलं, चहा ठेवू का. त्या म्हणाल्या, ठेव.